माशीच्या आधी डबा रिकामा

कचऱ्याचा डबा स्वच्छ कसा ठेवायचा, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडच्या बहुतेक घरांत फिनेलच्या बाटलीपासून सुरू होतं. वास आला की फिनेल, झुरळ दिसलं की फवारा, ओट्यामागे लेंड्या सापडल्या की उंदराचं औषध. चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. औषधांवर पैसा जातो, घरात विष साठतं आणि कीड तिथेच राहते.

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न तपासून पाहणं बोधप्रद आहे. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके आणि २०११च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक माणसं. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे पाऊस थांबता थांबत नाही, तर कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे तो पडता पडत नाही. नगर शहरात सावेडी-केडगावला घंटागाडी येते, वाडीवस्तीवर अजून उकिरडा आहे, आणि शिर्डीसारख्या ठिकाणी गावापेक्षा पाहुण्यांचा कचरा जास्त. ‘रोज डबा खळखळून धुवा’ हा पुस्तकी सल्ला अशा जिल्ह्यात सरसकट चालत नाही. जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं आणि उन्हाळ्यात काही गावं टँकरकडे डोळे लावून बसतात, तिथे डबा धुवायला बादलीभर पाणी कोण देणार?

सुदैवाने त्याची गरजही नाही. किडीला डब्यातून तीन गोष्टी हव्या असतात: खाणं, ओल आणि सवड. खाणं पूर्णपणे टाळता येत नाही, कारण स्वयंपाक होणारच. ओल आणि सवड मात्र आपल्या हातात आहेत. डबा कोरडा ठेवणं आणि वेळेत रिकामा करणं यातच या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. धुणं त्यानंतर येतं, आणि औषध सगळ्यात शेवटी.

माशीचं वेळापत्रक

घरमाशीची मादी एका खेपेला साधारण ७५ ते १५० अंडी घालते आणि आयुष्यात अशा पाच-सहा खेपा करते. अंडी पांढरट आणि तांदळाच्या कणीपेक्षा बारीक असतात, त्यामुळे सहसा नजरेला पडत नाहीत. उबदार हवेत ती ८ ते २४ तासांत फुटतात. अळ्या ओल्या खरकट्यात चार-पाच दिवस वाढतात, मग कोरडी जागा शोधत कडेला किंवा वर सरकतात आणि कोषात जातात. पुढच्या काही दिवसांत कोषातून नवी माशी बाहेर पडते. नगरच्या उन्हाळी हवेत हा सगळा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा होतो.

हे वेळापत्रक एकदा समजलं की अर्धी लढाई जिंकली. ओला कचरा दर दोन दिवसांच्या आत घराबाहेर गेला, तर अळी मोठी होण्याआधीच जाते. घंटागाडी चुकली, मग गावाला जाणं झालं, डबा तसाच राहिला आणि आठवड्याने दार उघडलं, तर घरात माश्यांचा थवा असणारच. त्या माश्या बाहेरून आलेल्या नसतात. आपल्याच डब्यात त्या जन्मलेल्या असतात.

डबा रिकामा केला म्हणजे सगळं गेलं, असंही नाही. एकदा पिशवी काढून डबा उजेडात तिरका धरून पाहावा. तळाशी चहाचा चोथा, भाताची चार शितं आणि बोटभर तपकिरी पाणी असतं. वरच्या काठाला आतून जी वळलेली पन्हळ असते तिच्यात बोट फिरवलं तर चिकट थर लागतो, आणि त्या थरात गव्हाच्या दाण्याहून लहान, लालसर तपकिरी कोष बसलेले सापडतात. अळ्या कोरड्या जागेच्या शोधात वर चढतात म्हणून ते तिथे असतात. कचरा फेकला तरी ते मागेच राहतात. ज्या घरात ‘रोज कचरा टाकतो तरी माश्या होतात’ अशी तक्रार असते, तिथे बहुधा डब्याचा काठ कोणी घासलेला नसतो.

चिलटांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना पिकून आंबायला लागलेलं फळ लागतं. राहात्याच्या पेरूचा हंगाम असो की डाळिंबाचा, फळ घरात येतं तेव्हाच सालीवर अंडी असू शकतात. पंचवीस अंशांच्या आसपास तापमान असलं की साधारण दहा दिवसांत चिलटांची नवी पिढी उडू लागते. म्हणून फळांच्या साली आणि सडके भाग रात्रभर डब्यात ठेवू नयेत. हिरव्या-निळ्या चकचकीत माश्या मटण-मासळीच्या वासावर येतात. आखाडात घरोघरी मटण शिजतं, हवा दमट असते आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून येणारा वास सगळ्यांच्या ओळखीचा असतो. हाडं आणि मासळीची टाकाऊ डोकी-शेपट्या दोन-तीन कागदांत घट्ट गुंडाळून गाडी यायच्या वेळीच बाहेर काढावीत.

झुरळाला खाण्याइतकंच पाणी लागतं. ओट्याखालचा गळका पाईप, मोरीची जाळी आणि शेजारी टेकलेला ओला डबा हे त्याचं आवडतं ठिकाण. स्वयंपाकघरात फिरणाऱ्या लहान तपकिरी झुरळाच्या एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात. त्यामुळे दिसलेली चार झुरळं मारून काही साधत नाही. उंदराचं गणित फटींचं आहे. लहान उंदराला जेमतेम पाव इंचाची फट पुरते, मोठ्याला अर्ध्या इंचाची. पातळ प्लास्टिकचा डबा तो कुरतडतो. घूस तर अंगणातली जमीनच पोखरून येते.

डेंग्यूचा डास या यादीत वेगळा आहे. तो सडक्या कचऱ्यात वाढत नाही, साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पण नारळाच्या करवंट्या, चहाचे कप, जुनी टायरं, फुटक्या कुंड्या आणि बाहेर उलटं पडलेलं डब्याचं झाकण या सगळ्यांत पावसाचं पाणी साचतं. पाणीटंचाईच्या भागात घरोघरी पिंपं भरून ठेवलेली असतात, तिथे धोका दुप्पट. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो तो याच हिशेबाने.

डब्यापासून बिबट्यापर्यंत

उघड्या कचऱ्याची साखळी घराच्या उंबऱ्यावर थांबत नाही, याचा सर्वांत ठळक पुरावा याच जिल्ह्यात मिळाला आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. उसाच्या शेतांत राहणारे हे बिबटे काय खातात, हा प्रश्न होता. त्यांच्या आहारातला ८७ टक्के भाग माणसाने पाळलेल्या किंवा माणसाच्या आधाराने राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता.

कुत्री गावात टिकतात ती उकिरड्यावर, खाटकाच्या टाकाऊ मालावर, मंगल कार्यालयामागे टाकलेल्या पत्रावळींवर आणि घराबाहेर ठेवलेल्या उघड्या डब्यावर. अकोले, संगमनेर, राहुरी या भागांत बिबट्या वस्तीजवळ येण्याला उसाचा आडोसा कारणीभूत आहे हे खरं. पण त्याला तिथे थांबायला लावणारं भक्ष्य आपल्या खरकट्यावर पोसलं जातं. संध्याकाळी अंगणात लेकरू खेळत असताना डब्याचं झाकण नीट लावणं ही या गावांत केवळ टापटिपीची बाब उरत नाही. रेबीजचा धोका तर प्रत्येक गावाला आहेच.

रोगांनी शिकवलेलं

महाराष्ट्राने उंदीर आणि घाण यांची किंमत फार मोठी मोजलेली आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये तो पुण्यात पसरला. ज्यांनी अध्यापनाचं शिक्षण नगरच्या मिस फरार यांच्या संस्थेत घेतलं, त्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. हा रोग उंदरावरच्या पिसवांतून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कराचीत दाखवलं. सावित्रीबाईंच्या हयातीत हे ज्ञान कुणापाशीच नव्हतं. आपल्यापाशी ते सव्वाशे वर्षांपासून आहे.

तरीही १९९४ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचा प्लेग आढळला आणि त्याच सुमारास सुरत शहर रोगाच्या भीतीने रिकामं झालं. त्या धक्क्यानंतर सुरतेने कचरा उचलण्याची पद्धत मुळापासून बदलली. प्लेगखेरीज लेप्टोस्पायरोसिस हाही उंदरांमुळे होणारा रोग; त्याचा जंतू उंदराच्या मुतातून पसरतो आणि त्वचेवरच्या जखमेतून शरीरात शिरतो. अंगणातला डबा किंवा उंदरांचा वावर असलेली जागा उघड्या हाताने साफ करू नये, त्याचं कारण हेच.

माश्यांबद्दलही ठोस पुरावा आहे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाकिस्तानातल्या खेड्यांत झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही गावांत माश्यांचा बंदोबस्त केला, काहींत केला नाही. बंदोबस्त केलेल्या गावांत लहान मुलांचे जुलाब २३ टक्क्यांनी कमी झाले. हवा, राहणी आणि घरांची रचना पाहता हा निष्कर्ष आपल्या खेड्यांना सहज लागू पडतो. माशी एक-दोन किलोमीटर सहज जाते, म्हणून एका घराने डबा स्वच्छ ठेवून गल्ली सुटत नाही. शेजाऱ्याचा डबाही आपलाच प्रश्न आहे.

डबा कसा असावा, कसा ठेवावा

पहिला नियम: ओल्या कचऱ्याचा डबा मोठा घेऊ नये. मोठा डबा भरायला तीन-चार दिवस लागतात आणि माशीला सवड मिळते. चार-पाच माणसांच्या घराला एका दिवसात भरेल एवढाच डबा पुरे. झाकण घट्ट बसणारं, शक्यतो पायाने उघडणारं. आतला पृष्ठभाग गुळगुळीत आणि खाचा कमी. अंगणात ठेवायचा असेल तर पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा, विटांवर उचलून ठेवलेला, म्हणजे खालून घूस येत नाही आणि ओल धरत नाही. सुक्या कचऱ्याचा डबा मोठा असला तरी चालतो, अट एकच: दुधाची पिशवी, तेलाचा पाऊच, दह्याचा डबा विसळून आणि कोरडा करूनच त्यात जावा. न विसळलेली दुधाची पिशवी सुक्या डब्याचा ओला डबा करते.

दुसरा नियम पाण्याचा. डब्यात आमटी, कालवण, ताक, चहा ओतू नये. ताटातलं खरकटं आधी जाळीत निथळावं. तळाला वर्तमानपत्राच्या दोन घड्या घालाव्यात आणि वर मूठभर राख किंवा लाकडाचा भुसा भुरभुरावा. दर वेळी खरकटं टाकलं की वर पुन्हा चिमूट-दोन चिमूट. राख आणि भुसा ओल शोषून घेतात, वास दाबतात आणि माशीला अंडी घालायला ओली जागा ठेवत नाहीत. ज्या घरी चूल किंवा बंब आहे तिथे राखेला पैसे पडत नाहीत.

पिशवी लावायची की नाही, यावर घरोघरी मतं वेगळी आहेत. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीने डबा वरवर स्वच्छ राहतो आणि कचरा उचलायला सोपा जातो, हे खरं. पण आत ओल कोंडते, कचरा लवकर सडतो, आणि पुढे तो खतासाठी वेगळा काढायला कुणाला तरी हाताने पिशवी फाडावी लागते. कागदाची घडी या तिन्ही बाबतींत सरस ठरते. तिचा एकच तोटा म्हणजे रोजची सवय लावावी लागते.

धुण्याला फार पाणी लागत नाही. आधी डबा कोरड्या कागदाने आतून पुसून घ्यावा, निम्मी घाण तिथेच निघते. मग तांब्याभर गरम पाण्यात भांड्यांचा साबण टाकून घासणीने तळ आणि जुन्या टूथब्रशने काठाची पन्हळ घासावी. विसळायला भाजी किंवा तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, शेवटचा तांब्या तेवढा स्वच्छ असावा. मग डबा आणि झाकण दोन्ही उन्हात पालथी घालावीत. नगर जिल्ह्यात वर्षातले आठ-नऊ महिने कडक ऊन असतं आणि तेच सर्वांत स्वस्त निर्जंतुकीकरण आहे. कोरड्या, तापलेल्या डब्यात अळी टिकत नाही. आठवड्यातून दोनदा एवढं केलं तरी पुरतं. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा दोन डबे आलटून पालटून वापरावेत, म्हणजे एक वाळायला वेळ मिळतो.

ब्लीचिंग पावडर वापरायची तर डबा साबणाने स्वच्छ झाल्यावरच. घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्ची पडतं आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. ते टॉयलेट क्लीनर, लिंबू किंवा व्हिनेगर यांच्यात मात्र कधीही मिसळू नये. आम्लाशी संयोग झाला की क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. कडुनिंबाचा पाला आणि कापूर यांनी अपाय नाही, वासही बरा येतो. पण ओला कचरा चार दिवस ठेवून वर कडुनिंब पसरल्याने अळ्या थांबत नाहीत.

विष कशाला आणि केव्हा

झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या हा जुना घरगुती उपाय आहे आणि तो खरोखर लागू पडतो. झुरळ गोळी खाऊन लपायच्या जागी परत जातं आणि तिथे मरतं. बाजारातलं जेलही याच तत्त्वावर चालतं. दोन्ही वस्तू लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा फटीत ठेवायच्या. फवारा मात्र समोरचं झुरळ मारतो आणि उरलेल्यांना शेजारच्या कपाटात पळवतो. डब्यावर, ओट्यावर, भांड्यांजवळ फवारा मारणं म्हणजे किडीऐवजी घरच्यांना औषध देणं.

उंदराच्या विषाबाबत फार सावध राहायला हवं. पिवळ्या फॉस्फरसचा मलम आणि झिंक फॉस्फाइड ही घरात सहज येणारी विषं आहेत. दोन्हींवर खात्रीचा उतारा नाही. ती मुलांच्या पोटात जाण्याचा धोका असतो, आणि घरात हाताशी असलेलं विष रागाच्या किंवा निराशेच्या भरात माणसाचा जीव घेतं, हे ग्रामीण रुग्णालयातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारावं. सापळा, सिमेंटने बुजवलेली फट, दाराखालची पत्र्याची पट्टी आणि रात्री झाकलेला डबा एवढं झालं की बहुतेक घरांत विषाची वेळ येत नाही. खायला मिळत असेपर्यंत एक उंदीर मेला की त्याची जागा दुसरा घेतोच.

ओला कचरा दाराबाहेर जाऊच नये

सर्वांत चांगला डबा तो, ज्यात फारसं काही जातच नाही. ओला कचरा घरीच जिरवला तर घंटागाडीची वाट पाहायला नको. यासाठी महाराष्ट्राकडे स्वतःची परंपरा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली.

घरगुती खताच्या बादलीत लोक फसतात ते एका कारणाने: सगळं ओलंच टाकतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि कर्ब कमी असतो. खत नीट होण्यासाठी कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं लागतं. म्हणून एक मग ओल्या कचऱ्याला एक ते दोन मग कोरडा पाला हवा. या जिल्ह्यात त्याची कमतरता नाही. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला घातला गेला, तिथे उसाचं पाचट शिवारात पेटवून दिलं जातं. तेच पाचट बारीक करून पोतंभर घरी आणून ठेवलं तर एका कुटुंबाच्या खताला ते बरेच दिवस पुरतं. पाचट नसेल तर गव्हाचं काड, वाळलेली पानं, भुसा यातलं काहीही चालतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेतातला मोठा ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, त्यात माशीची अंडी भाजून निघतात. घरातली बादली एवढी तापत नाही. तिथे संरक्षण वरच्या कोरड्या थराचं असतं. दर वेळी ओलं टाकलं की दोन बोटं जाडीचा कोरडा थर द्यायचाच. मिश्रण मुठीत दाबलं तर हात ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये. ठिबकलं तर वास आणि अळ्या आल्याच म्हणून समजा. मटण-मासळी, तेलकट भाजी आणि दूध घरगुती बादलीत टाकू नये. खेड्यातल्या उकिरड्यालाही हाच न्याय. खड्डा करून थरावर माती-शेणाचं लिंपण दिलं तर तो खताचा खड्डा होतो, उघडा राहिला तर माश्यांचं पैदास केंद्र.

दारापासून डेपोपर्यंत

कचरा वेगळा करण्याची कल्पना नवी नाही. पॅरिसचे प्रशासक युजीन पुबेल यांनी १८८४ मध्येच घरमालकांना झाकणाचे डबे सक्तीचे केले आणि कुजणारा कचरा, कागद-कापड व काच-खापर वेगवेगळं ठेवायला सांगितलं. आपल्याकडे अल्मित्रा पटेल यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या १९९६च्या याचिकेनंतर २००० साली शहरी कचऱ्याचे पहिले नियम आले. २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारे कचरा वेगळा देणं प्रत्येक घरावर बंधनकारक केलं.

नियम कागदावर असून भागत नाही, हे नगर शहरात फिरलं की दिसतं. घरांनी वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र झाला तर दुसऱ्या दिवशी कुणी वेगळा करत नाही. गाडीची वेळ ठरलेली नसली की डबे तासन् तास दाराबाहेर उघडे राहतात. रस्त्यावरच्या कुंड्या उचलल्या तर कुंडीची दुर्गंधी जाते हे खरं. पण गाडी अनियमित असली की त्याच कोपऱ्यावर ढीग साचतो आणि त्याला झाकणही नसतं. कुंडीमुक्त शहर हवं असेल तर आधी गाडी घड्याळासारखी आली पाहिजे. मिसळलेला कचरा शेवटी बुरुडगावसारख्या कचरा डेपोवर जातो आणि तिथला वास, धूर, माश्या आसपासच्या वस्तीला भोगाव्या लागतात. घरात दोन डबे ठेवणं हे आपण त्या लोकांचं लागत असलेलं देणं आहे.

हे जमतं याची उदाहरणं राज्यातच आहेत. वेंगुर्ले नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरापासूनच काटेकोर वर्गीकरण करून कचऱ्याच्या डेपोची पाहण्यासारखी जागा केली. पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदारी कचरा गोळा करते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची साधी रीत तिथूनच पसरली. वेचणाऱ्याला तो ठिपका दिसला की पुडी उघडावी लागत नाही.

गावपातळीवर आपल्या जिल्ह्याला बाहेर शोधायला जायचं कारणच नाही. हिवरे बाजारने १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जे केलं, त्याचा गाभा ग्रामसभेत ठरवायचं आणि श्रमदानाने पार पाडायचं हा आहे. त्यांचं काम पाण्याचं आणि झाडांचं म्हणून ओळखलं जातं, पण शिस्त तीच कचऱ्याला लागते. २००० साली आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावांनी एकमेकांशी चुरस करून रस्ते लख्ख केले होते. बक्षिसाची तारीख गेल्यावरही ज्या गावांत ती सवय टिकली, तिथे ग्रामसभेने जबाबदारी वाटून दिली होती.

हात कुणाचे

या सगळ्यात एक माणूस नेहमी नजरेआड राहतो, तो म्हणजे आपला डबा उचलणारा. फुटलेली काच, इन्सुलिनची सुई, उघडं डायपर, कुजलेलं पाणी हे सगळं त्याच्या हातावर येतं. अनेक पिढ्या हे काम ठरावीक जातींच्या माथी मारलं गेलं. पारनेरचे सेनापती बापट यांनी क्रांतिकार्यातून गावी परतल्यावर स्वतः खराटा घेऊन गावाचे रस्ते झाडले. उच्चशिक्षित ब्राह्मणाने हे काम उघडपणे करणं त्या काळात समाजाला धक्का देणारं होतं, आणि तोच त्यांचा हेतू होता. आपण डबा निथळून, कोरडा करून, काच कागदात बांधून दिला तर त्याच परंपरेतलं एक साधं काम करतो.

एवढं सगळं पाहिल्यावर निष्कर्ष स्पष्ट आहे. कीडमुक्त डब्यासाठी महाग वस्तू लागत नाही. झाकणाचा लहान डबा, तळाला कागद, वर राख किंवा भुसा, दोन दिवसांच्या आत रिकामा, आठवड्यातून दोनदा काठासकट घासून उन्हात, आणि शक्य असेल तिथे पाचटाचं खत: एवढ्याने माशी, झुरळ आणि उंदीर यांचा बहुतांश बंदोबस्त होतो. प्रशासनाकडे आपली मागणी एकच असावी आणि ती ठामपणे करावी: गाडी ठरल्या वेळी यावी आणि वेगळा दिलेला कचरा शेवटपर्यंत वेगळाच राहावा. आज रात्री झोपण्यापूर्वी आपल्या डब्याच्या काठाखाली एकदा बोट फिरवून पाहा. जे हाताला लागेल ते उद्या सकाळी घासून टाका, आणि शेजारच्यांनाही सांगा.